किल्ल्यावर पाण्याचं टाकंही करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

2025 च्या जुलैत रायगड, राजगड, पन्हाळा यांच्यासह 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, याचा मोठा अभिमान वाटतो. पण दिवाळीत आमच्या भागातले मुलांचे किल्ले पाहिले, तेव्हा एक गोष्ट मनाला लागली. बुरूज, तोफा, सिंहासन, भगवा सगळं जागच्या जागी होतं. पाण्याचं टाकं मात्र क्वचितच. पायथ्याशी डोक्यावर हंडा घेतलेली मातीची गवळण होती. ती दूध कुणाला घालते, असं विचारल्यावर मुलं गप्प झाली.

यात मुलांचा दोष नाही. चौथीपासून आपण त्यांना लढाया शिकवतो. गडावर माणसं स्वयंपाक करत होती, धान्य साठवत होती, आजारी पडत होती, हे सांगायचं राहून जातं. सिंधुदुर्ग भर समुद्रात, तरी आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातल्या धान्यकोठ्या पाहून मूल तोंडात बोट घालतं. रायगडावरचे शौचकूप दाखवले की प्रश्नांची सरबत्तीच सुरू होते, आणि तिथून शिकवणं किती सोपं जातं! तेव्हाच्या घरात सकाळचा चहा नव्हता, आमटीत टोमॅटो नव्हता, हे ऐकून तर मुलं हरखून जातात.

चिपळूणजवळच्या छावणीला महाराजांनी पाठवलेलं पत्र तर मुलांना वाचूनच दाखवावं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा जपून वापरा, लागेल ते बाजारातून विकत आणा, रयतेला त्रास देऊ नका, असं त्यात बजावलं आहे. रात्री दिवा तसाच ठेवलात, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी वैरणीवाचून मरतील, ही काळजीसुद्धा आहे. एवढा मोठा राजा उंदराचा विचार करतो, हे दहा वर्षांच्या मुलाला लगेच भिडतं.

म्हणून किल्ले स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना विनंती आहे, की टाकं, धान्यकोठी, बाजारपेठ, पागा यांनाही गुण ठेवा. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी सदरेआधी टाक्यांपाशी थांबावं. आणि आपण बालपुरवणीत दर आठवड्याला एका गडावरचं पाणी, धान्य, बाजार यांची माहिती चित्रांसह छापावी. ती कात्रणं वर्गात लावायला मी तयार आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, सातारा