शनीला तेल वाहा, पण पळीने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण तोंडावर आला आहे. श्रावणी शनिवारी मारुतीची आणि पिंपळाची पूजा असते, आणि मुंबईत पुष्कळ ठिकाणी त्याच पारावर, मारुतीच्या शेजारी, शनिमहाराजांची शिळा किंवा मूर्ती असते. शनी 29 मार्च 2025 रोजी कुंभेतून मीन राशीत आला. त्यामुळे कुंभ, मीन आणि मेष या राशींना साडेसाती आहे आणि सिंह व धनू राशींना अडीचकी, म्हणजे शनीचा अडीच वर्षांचा फेरा. बारा राशींपैकी पाच राशींची माणसे शनिवारी तेलाची पिशवी घेऊन निघतात तेव्हा गल्लीतल्या दहा बाय दहाच्या देवळावर काय ताण येतो, तो पाहण्यासारखा असतो. त्यात वरून पाऊस. पावसाने तेल धुतले जात नाही. ते पाण्यावर तरंगते आणि पाणी जाईल तिथे पसरते. चौथऱ्यापुरते असलेले तेल अर्ध्या तासात फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकवर पोचते, आणि देवळाशी काही संबंध नसलेली, बाजाराची पिशवी घेतलेली एखादी वयस्क बाई त्यावरून घसरते. कमरेचे हाड मोडले तर त्या वयात पुन्हा उभे राहणे कठीण असते.

तेल वाहूच नका, असे आमचे म्हणणे नाही. शनीला तेल हवेच. पण किती, कोणते आणि कसे, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही, म्हणून हे पत्र.

आधी किती ते पाहू. पुडा फोडायचा आणि अख्खा उपडा करायचा, ही अलीकडची सवय. पूर्वी घरातून वाटीत तेल यायचे आणि पळीने घातले जायचे. देवपूजेतल्या लहान पळीत साधारण 10 मिलिलिटर तेल मावते. शनिवारी 500 माणसे आली आणि प्रत्येकाने एक पळी वाहिली तर दिवसाअखेर 5 लिटर तेल जमते. ते एका डब्यात राहते, एक माणूस उचलू शकतो. त्याच 500 जणांनी 200 मिलिलिटरची बाटली ओतली तर 100 लिटर होते, म्हणजे 15 लिटरचे जवळजवळ सात डबे. इतके तेल साठवायला गल्लीतल्या कोणत्याच देवळाकडे जागा नसते. मग ते गटारात जाते.

ज्यांना छायादान करायचे असते त्यांचा यावर एक आक्षेप असतो, की वाटी भरून तेल नको का? नको. छायादान म्हणजे काशाच्या वाटीत तेल घेऊन त्यात आपला चेहरा पाहायचा, नाणे टाकायचे आणि ते तेल दान करायचे. चेहरा दिसतो तो तेलाच्या वरच्या थरात. वाटीचा तळ झाकला जाईल इतके तेल असले आणि वाटी हलली नाही, की नाकडोळे स्वच्छ दिसतात. उलट काठोकाठ भरलेली वाटी गर्दीत हिंदकळते, प्रतिबिंब मोडते आणि निम्मे तेल पुढच्या माणसाच्या पाठीवर जाते. वाटी जमिनीवर टेकवून, वाकून पाहावे. हातात धरून पाहू नये.

आता कोणते तेल ते. शनीचे धान्य तीळ आणि तेल तिळाचे. ते महाग वाटले तर घरात जे खायचे तेल असेल ते चालेल. देवळाबाहेर 'पूजेचे तेल' म्हणून मिळणारी स्वस्त बाटली मात्र घेण्याआधी मागची बारीक अक्षरे वाचा. 'खाण्यासाठी नाही' असे लिहिले असेल तर त्यात खनिज तेल असण्याची शक्यता बरीच असते. ते पॅराफिनच्या जातीचे, जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलापासून काढलेले. त्याला वास नसतो, ते खवट होत नाही, म्हणून दुकानदाराला सोयीचे. देवळाला मात्र ते दोन प्रकारे नडते. बियांपासून काढलेले तेल धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने फेसाळून सुटते. खनिज तेलावर सोड्याचा काही परिणाम होत नाही, फरशी धुवून वाळली तरी बुळबुळीत राहते. दुसरे असे, की जमलेल्या तेलाचे बायोडिझेल करता येते ते फक्त बियांच्या तेलाचे. खनिज तेल त्यात मिसळले की अख्खा डबा वाया जातो.

खुद्द शनिशिंगणापूरने हे ओळखले आहे. सुट्या, भेसळीच्या तेलाने शिळा झिजते म्हणून तिथे 1 मार्च 2025 पासून नामांकित कंपन्यांचे खाद्यतेलच वाहायचे, असा नियम केला. ती शिळा पावणेसहा फुटांची, उघड्या चौथऱ्यावर, ऊनपाऊस झेलत उभी आहे. आपल्या गल्लीतल्या मूर्ती हात-दीड हाताच्या. त्यांना जपायला नको का?

आणखी एक गोष्ट जुनी माणसे पाळतात: शनिवारी तेल, लोखंड आणि मीठ विकत आणायचे नाही. हे मानत असाल तर देवळाच्या दारातली शनिवारची बाटली तुमच्यासाठी नाहीच. शुक्रवारी संध्याकाळी घरच्या तेलातून छोट्या झाकणाच्या डबीत दोन पळ्या काढून ठेवा. डबी घरी परत न्या. पुडा आणलात तर रिकामा पुडा आणि त्याचा कात्रीने कापलेला कोपरा, दोन्ही खिशात घाला. तो एवढासा कोपराच जाळीत जाऊन बसतो आणि पन्हळ तुंबवतो.

देवळाच्या मंडळांनी काय करावे, ते थोडे सविस्तर लिहितो, कारण खर्च कमी आणि उपयोग मोठा आहे. मूर्तीभोवती चार बोटे रुंद पन्हळ हवी, तिला एका बाजूला उतार हवा आणि तोंडाशी स्टीलची जाळी हवी. उडीद, फुले, रुईची पाने तिथे अडतात. जाळी दर तासाला झाडायला एक माणूस नेमा, नाहीतर तेल पन्हळीवरून उतू जाते. जाळीखाली डबा. पावसाळ्यात डब्यात पाणी शिरणारच. तेल पाण्याहून हलके असते (एक लिटरचा पुडा पाहा, त्यावर वजन 910 ग्रॅमच लिहिलेले असते), त्यामुळे पाणी तळाशी बसते आणि तेल वर येते. डब्याला तळाशी तोटी बसवून घ्या. रात्रभर डबा हलवू नका. सकाळी तोटी सावकाश उघडा, पाणी जाऊ द्या, धार पिवळी दिसू लागली की बंद करा. वरून डबा वाकवून पाणी काढायचा प्रयत्न केला तर आधी तेलच बाहेर येते, आणि बहुतेक ठिकाणी नेमके हेच होते.

मारुतीचे तेल मात्र या डब्यात घेऊ नका. मारुतीला शेंदूर असतो, आणि शेंदूर हे पूर्वापार शिशाचे संयुग आहे. त्या तेलाचा डबा वेगळा ठेवा. काही भाविक हे उरलेले तेल प्रसाद म्हणून गुडघ्यांना किंवा लहान मुलांच्या अंगाला चोळायला नेतात. ते नेऊ देऊ नये, आणि का देत नाही हे त्यांना समजावून सांगावे. शिसे लहान मुलांना फार बाधते.

जमलेले तेल कोणालाही सुटे विकू नका. ते फिरून तळणीच्या कढईत येऊ शकते. हॉटेलांचे वापरलेले तेल बायोडिझेलसाठी उचलणारे अधिकृत लोक मुंबईत आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये त्यासाठी मोहीमच सुरू केली होती. त्यांना तेल द्यावे आणि पावती घ्यावी. गटारात ओतलेले तेल साबणाच्या पाण्याशी मिळून घट्ट होते, पाइपच्या आतल्या बाजूला थर धरते आणि त्याला केस, फुले, प्लास्टिक चिकटते. पहिला फटका बसतो तो देवळामागच्या चाळीच्या न्हाणी ट्रॅपला, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्याला. चाळकऱ्यांना कारण कळतच नाही, ते प्लंबर बोलावत राहतात. रस्त्यावरचे गटार तुंबले असेल तर महापालिकेच्या 1916 क्रमांकावर तक्रार करता येते.

सांडलेल्या तेलावर पाणी मारणे ही सर्वांत मोठी चूक. आधी सुतारकामाचा कोरडा भुसा टाका, नसेल तर चुलीची राख. दहा मिनिटे राहू द्या, पायाने दाबा आणि झाडून घ्या. मग बादलीभर गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून ताठ ब्रशने घासा. पाणी शेवटी. फरशी शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी असेल तर अ‍ॅसिड मुळीच नको. हे दगड अ‍ॅसिडने खरखरीत होतात आणि पुढच्या वेळी तेल आणखी खोल मुरते. तेलाने भिजलेला भुसा आणि चिंध्या बंद पिशवीत कोंबून ठेवू नका, त्या आतल्या आत तापून पेटू शकतात. उघड्यावर पातळ पसरून वाळू द्या आणि मग कचऱ्यात द्या. दिव्यांच्या ताटात तेलाने पेट घेतला तरी पाणी ओतायचे नाही, भडका उडतो. ताटावर दुसरे ताट पालथे घाला किंवा वाळू टाका. वाळूची एक बादली दिव्यांपासून दोन हातांवर असावी. काळे कापड दिव्यांच्या बाजूला टांगू नये.

रुईच्या माळेबद्दल थोडे. ग्रहांच्या समिधांत रुई ही सूर्याची, शनीची शमी. पण मारुतीमुळे रुई शनिवारची झाली, आणि शनी हा सूर्याचाच मुलगा, तेव्हा लेकाला बापाची समिधा वाहण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. देठ खुडला की त्यातून दुधासारखा चीक येतो आणि सुई ओवताना तो बोटांवर वाळतो. दिसत नाही, फक्त बोटे चिकट लागतात. त्याच बोटांनी डोळा चोळला तर बुबुळाला इजा होते, आणि ती कधी कधी तासाभराने कळते. माळ हाताळल्यावर साबणाने हात धुवा. डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवून लगेच डॉक्टरकडे जा. लहान मुलांच्या हातात माळ देऊ नका.

खिळे आणि घोड्याची नाल वाहणाऱ्यांनी ते मूर्तीपाशी टाकू नयेत. अनवाणी माणसाला तेलातला खिळा दिसत नाही. त्यासाठी जाड पत्र्याची वेगळी पेटी हवी.

मुंबईहून शिंगणापूरला जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. शिर्डीहून राहुरीमार्गे गेलात तर साधारण 70 किलोमीटर, अहिल्यानगर-संभाजीनगर रस्त्यावरून गेलात तर घोडेगावला वळायचे आणि पुढे पाच-सहा किलोमीटर. वाटेत 'लटकू', म्हणजे दुकानदारांचे दलाल, गाडीला आडवे येतात, पार्किंग दाखवतो म्हणून आपल्याच दुकानापुढे नेतात आणि पूजेचे ताट हातात ठेवून मग किंमत सांगतात. गाडी थांबवू नका, काच खाली करू नका. देवस्थानाच्या वाहनतळावर थेट जा, ताट घ्यायचेच असेल तर भाव आधी विचारा. तेल घरून सीलबंद नेणे उत्तम. शनी अमावास्येची गर्दी टाळायची असेल तर साधा बुधवार-गुरुवार निवडा, दर्शन शांतपणे होते.

रूढी बदलली तर देव कोपेल, अशी भीती काही मंडळांना वाटते. शिंगणापूरच्याच चौथऱ्यावर 8 एप्रिल 2016 रोजी, गुढीपाडव्याला, स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्याआधी किती वाद झाले होते! आज आयाबाया तिथे तेल वाहतात.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत मुंबईतल्या सगळ्या लहानमोठ्या मंडळांना कळकळीची विनंती आहे. श्रावणाच्या पहिल्या शनिवारच्या आधी मूर्तीपाशी साखळीने बांधलेली एक पळी ठेवा आणि 'एक पळी तेल, पुडा बाहेर' अशी ठळक पाटी लावा. पाटी मराठीत आणि हिंदीत, दोन्हींत असावी, आणि ती भिंतीवर उंच न लावता हाताच्या उंचीला, जिथे माणूस पुडा फोडायला थांबतो तिथे असावी.

आपले,
शनिवारच्या सेवेतले काही भाविक
परळ, मुंबई