जोडीदाराचा व्हिसा आणि सातबारा

महोदय,

अमेरिकी नागरिकाने जोडीदाराला तिकडे नेताना त्या नागरिकाचे उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरणाऱ्या तेथील दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के भरत नसेल, तर तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवता येते आणि तीत जोडीदाराची येथील मालमत्ताही धरता येते, हे नाशिकच्या अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. मात्र ती वर्षभरात रोखीत बदलता येणारी हवी आणि कर्ज वजा करूनच मोजली जाते. दिंडोरीच्या द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल, तर मूल्यांकनाचा भारदस्त आकडा (आणि त्यासाठी मोजलेली फी) फारसा कामी येत नाही. शिवाय पैसा देशाबाहेर नेता यावा लागतो. निवासी भारतीयाला त्यासाठी वर्षाला २.५ लाख डॉलरची मर्यादा आहे. जमिनीपेक्षा बँकेतील मुदत ठेव दाखवणे मला शहाणपणाचे वाटते.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक