‘हॅन्डमेड’च्या चिठ्ठीवर खरे लिहा

संपादक महोदय,

राखीपौर्णिमा जवळ आली की पुण्यातल्या मंगल कार्यालयांत प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो आणि टेबलाटेबलावर ‘हॅन्डमेड’ची पाटी लागते. त्यातला काही माल बोहरी आळीच्या घाऊक बाजारातून डझनाच्या भावात आणलेला असतो. तयार माल आणून विकण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते त्यावर हाताच्या कामाची चिठ्ठी लावणे. कारण चार टेबले सोडून खरोखर हाताने काम करणारी बाई बसलेली असते आणि गिऱ्हाईक तिला विचारते, “तिकडे तर ओढणी साडेतीनशेला आहे, तुमचीच नऊशेला का?”

हिशेब साधा आहे. वारली काम केलेल्या ओढणीला सहा तास लागले आणि तासाला ८० रुपये धरले, तर नुसती मजुरीच ४८० रुपये. कापड, रंग, स्टॉलचे भाडे वेगळे. ती ओढणी साडेतीनशेत बसत असेल, तर एक तर ती छापलेली आहे, नाही तर कुणाची तरी मजुरी बुडाली आहे.

वारली चित्रातली, तारप्याभोवती (फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती) नाचणारी माणसे जवळून पाहा. हाताने काढलेल्या रांगेत कुणाचे डोके जरा मोठे, कुणाचा पाय जाड असतो. कुंचल्यातला रंग संपत आला की रेघ बारीक होते, पुन्हा बुडवला की भरते. छापील कापडावर एकाचा हात तुटका असेल, तर ठरावीक अंतरावर तोच तुटका हात पुन्हा भेटतो. ठशांच्या कामात दोन ठसे जुळतात तिथे रंग किंचित चढतो किंवा केसाएवढी फट राहते आणि ती दर जोडाला वेगळी असते. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटून पाहावा. मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागे कापलेले धागे दिसले, तर नक्षी जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या यंत्रणेवर उठवलेली आहे. तीच साडी ‘सेमी पैठणी’ म्हणून विकली, तर कुणाची फसवणूक होत नाही.

चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात : कापड कोणते, काम हाताचे की छपाईचे, ते केले कुणी. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाला मिळणारी कायदेशीर ओळख आहे. ‘वारली कलाकाराने काढलेले’ आणि ‘वारली शैलीत आम्ही काढलेले’ यांत फरक आहे आणि तो लिहायलाच हवा. ‘शुद्ध सुती’ लिहिण्याआधी दोन धागे जाळून पाहावेत. सुताची राख कागदासारखी भुरभुरते, पॉलिस्टरची कडक गाठ होते. व्यापाऱ्याने सांगितले म्हणून लिहिले, ही सबब पुरेशी नाही. मालाबद्दल खोटा दावा करणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

इतर बायकांना घरी काम देताना नगाचा दर अंदाजाने ठरवू नये. दोघी-तिघींकडून पाच-पाच नग करून घ्यावेत, वेळ मोजावी आणि सरासरीवर दर बांधावा. सगळ्यात चपळ हाताच्या वेळेवर दर बांधला की बाकीच्या मार खातात. खराब नगाचा खर्च कुणाचा, हेही आधीच लिहून ठेवावे. आपण दिलेला रंग कच्चा निघाला, तर तो भुर्दंड आपलाच.

शेजारणीच्या स्टॉलवरची नक्षी फोनमध्ये टिपून पुढच्या महिन्यात स्वतःची म्हणून मांडणेही सर्रास चालते. नोंदणी करण्याजोगे डिझाईन नोंदवलेले नसेल आणि मालकिणीने किंवा तिच्या परवानगीने दुसऱ्या कुणी यंत्राने किंवा छपाईने त्याचे ५०हून अधिक नग काढले असतील, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. म्हणजे अशा वेळी मूळ नक्षी काढणारीला कायदा फारसा वाचवू शकत नाही. तिला विचारून, मोबदला देऊनच नक्षी घ्यावी.

आयोजकांना विनंती, की स्टॉलच्या अर्जात ‘स्वतः बनवलेले / बनवून घेतलेले / विकत आणलेले’ असा रकाना ठेवावा आणि स्टॉलधारकाने त्यावर केलेली खूण टेबलावरच्या पाटीवरही छापावी.

– हस्तकला व्यवसायातील काही जणी, पुणे