भोरड्या थंडीला भिऊन येत नाहीत

पळसदेव, ता. इंदापूर
होळीच्या आधीचा रविवार

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. परवा तू फोनवर नातवाच्या प्रकल्पाचं सांगत होतीस तेव्हा मी नुसती हं हं करत होते, कारण गॅसवर दूध ठेवलं होतं. पण फोन ठेवल्यावर डोक्यात तेच राहिलं. तू त्या पोराला लिहून दिलंस, "परदेशात थंडी वाजते म्हणून पक्षी आपल्याकडे येतात." ते आधी खोडायला सांग. तू भोरड्यांच्या (पुस्तकातल्या गुलाबी मैनांच्या) गावातली मुलगी, तू तरी असं लिहू नये.

साधा हिशोब बघ. भोरड्या विणीला जातात कझाकस्तान, चीनमधला शिनच्यांग, त्या बाजूच्या गवताळ माळांवर. पश्चिमेला पार पूर्व युरोपापर्यंत. तिथून परतून उत्तर हिंदुस्थानात पोचतात जुलै-ऑगस्टमध्येच. आपल्याकडे गणपती-नवरात्राच्या सुमाराला दिसायला लागतात. आता जुलैत कझाकस्तानात कसली आलीय थंडी? तिथे तेव्हा ऐन उन्हाळा असतो. म्हणजे थंडी पडायच्या कितीतरी आधी त्यांनी बिऱ्हाड हलवलेलं असतं. पिसांचं पांघरूण जन्मजात असतं गं, नुसत्या गारठ्याचं त्यांना एवढं काही नसतं. पोटाला मिळालं तर बर्फातही राहणारे पक्षी आहेत. जायला लागतं ते खाणं संपतं म्हणून. आणि शहाणे पक्षी ते संपेपर्यंत वाट बघत नाहीत. दिवस किती मोठा, किती लहान, हे त्यांच्या शरीराला कळतं. दिवसमान बदललं की आतलं सगळं बदलायला लागतं, भूक वाढते, अंगावर चरबी चढते. प्रवासाची शिदोरी ती.

मग तू विचारशील, इथे ज्वारी आहे, हरभऱ्यावरच्या अळ्या आहेत, तर जातात तरी कशाला? पिल्लांसाठी. भोरडी एरवी काहीही खाते, दाणे, फळं, फुलातला मध. पण पिल्लांना लागतात किडे, आणि तेही ढिगाने. त्या माळांवर मे-जूनमध्ये टोळ आणि नाकतोडे बेसुमार होतात, दिवसही आपल्यापेक्षा दोन-अडीच तास मोठा, चारा भरवायला तेवढा वेळ जास्त. हजारोंच्या वसाहती करून दगडांच्या ढिगात, कपारीत घरटी घालतात. अंडी उबवण्यापासून पिल्लू उडेपर्यंत सव्वा-दीड महिन्यात सगळं उरकतं. ज्या साली एका ठिकाणी टोळ नसतील त्या साली तिथे वसाहतच नाही, दुसरीकडे. टोळांमागे घर.

आता मला यातली गंमत वाटते ती अशी. तिथे तीन-चार महिने, इथे आठ-नऊ. आणि आपण त्यांना म्हणतो परदेशी पाहुणे! वर्तमानपत्रात दर डिसेंबरला छापून येतं, "उजनीवर विदेशी पाहुण्यांचे आगमन." अगं, आठ महिने राहतो तो पाहुणा? भोरडी इथलीच, ती फक्त बाळंतपणाला जाते. (हा शब्द नातवाच्या वहीत घालू नकोस, बाईंना आवडायचा नाही.) आणि त्याच बातमीत रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, सैबेरियाहून आणतात, ते वेगळंच. ते मोठे रोहित बहुतेक कच्छच्या रणात जन्मलेले असतात. गुजरातचे शेजारी.

शिनच्यांगमधलं एक ऐक. तिथे टोळांनी गवत फस्त होऊ नये म्हणून माणसं मुद्दाम भोरड्यांसाठी दगड-विटांचे ढीग रचून ठेवतात, त्यांनी यावं, घरटी करावीत, टोळ खावेत म्हणून. आणि आपले तात्या काय करायचे? गोफण! शाळूत दाणा भरायला लागला की मचाणावर पहाटेपासून आपली पाळी. तू पत्र्याचा डबा बडवायचीस आणि मी हुर्रर्र करून घसा बसवायचे. थवा उठायचा, बांधापलीकडे जायचा, वळसा घेऊन पुन्हा आपल्याच कणसांवर. एकच पक्षी, तिकडे त्याला घर बांधून देतात आणि इकडे गोफणगुंडा. तात्यांना दोष देत नाही मी. त्यांचं वर्षाचं धान्य होतं ते. पण तीच भोरडी हरभऱ्यातली घाटेअळी वेचायची हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता हरभऱ्यात मुद्दाम ज्वारीचे चार दाणे विसकटतात, ताटांवर पक्षी बसावेत आणि अळ्या खाव्यात म्हणून.

तुला ती जखमी भोरडी आठवतेय ना? आपण सहावीत होतो. तात्यांचा गुंडा लागून पडली आणि तू ओच्यात घालून घरी आणलीस. डालग्याखाली ठेवली, भिजवलेली ज्वारी आणि नाकतोडे. महिनाभरात पंख धरला. पण शिमगा झाला आणि ती बिथरली. सकाळी उन्हं आली की डालग्याच्या एकाच बाजूला धडका द्यायची, दिवसभर. आपल्याला वाटलं मांजराला घाबरतेय. आक्का म्हणाली, "पोरींनो, सोडा तिला, तिची वेळ झालीय." आक्काला कुठून कळलं देव जाणे.

या तगमगीला जर्मन भाषेत खास शब्द आहे, त्सुगउनरूहे. स्थलांतर करणारा पक्षी पिंजऱ्यात असला तरी जायचे दिवस आले की अस्वस्थ होतो, आणि ज्या दिशेला जायचं त्याच दिशेला फडफडतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले थोडा वेळ. गुस्टाव्ह क्रामर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1950 च्या सुमाराला गोल पिंजऱ्यात युरोपातल्या मैना ठेवल्या, म्हणजे भोरडीच्या चुलत बहिणी. खिडक्यांना आरसे लावून ऊन दुसरीकडून आत पाडलं. पक्ष्यांनीही तेवढीच दिशा बदलली. म्हणजे सूर्य बघून वाट ठरवतात. आणि सूर्य तर दिवसभर सरकतो, तर आता किती वाजले हेही त्यांना आतून ठाऊक असतं. रात्री उडणारे पक्षी चांदण्यांवरून दिशा धरतात, काहींना पृथ्वीचं चुंबकत्वही कळतं. ते कसं कळतं यावर अजून शास्त्रज्ञांचं भांडण चालू आहे, त्यात मी पडत नाही.

पण मला सगळ्यात आवडलेला प्रयोग पेर्डेकचा, हॉलंडमधला. तोही मैनांवरच. (या मैनांनी माणसाला किती शिकवलंय बघ. पक्ष्यांच्या पायात पत्ता कोरलेले अॅल्युमिनियमचे वाळे पद्धतशीर घालायला पहिल्यांदा सुरुवात केली ती डेन्मार्कमधल्या मॉर्टेनसेन नावाच्या शाळामास्तरांनी, 1899 साली, आणि तीही मैनांनाच.) तर पेर्डेकने शरद ऋतूत प्रवासाला निघालेल्या 11 हजारांहून जास्त मैना द हेगजवळ पकडल्या, वाळे घातले आणि विमानाने थेट स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. त्या एरवी निघाल्या होत्या उत्तर फ्रान्स आणि इंग्लंडच्या बाजूला. जुन्याजाणत्या मैनांनी ओळखलं की आपल्याला भलतीकडे आणलंय. त्या वळल्या आणि आपल्या नेहमीच्या मुलखाकडे गेल्या. पहिल्यांदाच निघालेल्या पिल्लांना मात्र फक्त दिशा माहीत होती. ती आपली नैर्ऋत्येलाच जात राहिली आणि पोचली दक्षिण फ्रान्स-स्पेनमध्ये. याचा निकाल त्यांनी 1958 साली छापला. म्हणजे "अमक्या दिशेला, अमके दिवस" एवढं रक्तात असतं, पण "अमक्या गावाला" हे एकदा जाऊन आल्यावरच कळतं. आणि पुढची गंमत, चुकून स्पेनला गेलेल्यांपैकी काही पुढच्या हिवाळ्यात पुन्हा स्पेनलाच गेल्या. चुकलेलं गाव हेच त्यांचं गाव झालं.

गाव उजनी धरणात गेलं आणि आपलं पुनर्वसन झालं, तेव्हाचं आठवलं मला. तात्या नव्या घरी आल्यावर दोन वर्षं संध्याकाळी नदीकडेच चालत जायचे.

असो. सध्या इथे काय चाललंय ते सांगते. आमच्या धाकट्या दादाने सगळा ऊस केलाय, घरापुरता शाळू एक एकर. राखणीला कुणी नाही, भोरड्यांना मोकळं रान. संध्याकाळी साडेसहाला त्या उजनीच्या कडेने जमायला लागतात. आधी वीस-तीस, मग शेकडो, मग मोजणं सोडून द्यायचं. सगळा थवा एकदम धुरासारखा वळतो, आक्रसतो, पसरतो. कोण पुढारी, कोण मागचा, काही नाही. रोमच्या आकाशातल्या मैनांचे थवे इटलीतल्या शास्त्रज्ञांनी कॅमेऱ्यांनी टिपून अभ्यासले. त्यांच्यात पारिसी होते, ज्यांना 2021 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तर प्रत्येक पक्षी फक्त जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो म्हणे. बास, तेवढ्यावर सगळा थवा चालतो. मग अंधार पडला की उसात नाहीतर वेड्या बाभळीत शिरतात आणि जी कचकच सुरू होते, लग्नघरच.

दिवसा सगळ्या काटेसावरीवर. पळस उतरत आलाय, पण सावर अजून आहे. फुलात डोकं खुपसून खुपसून कपाळाला पिवळी पूड लागते. आणि रंग बघ आता त्यांचा! नोव्हेंबरात मळकट दिसायच्या, आता चक्क गुलाबी. मला वाटायचं नवी पिसं येतात. तसं नाही. पिसांच्या मळकट कडा हिवाळाभर घासून झिजतात आणि आतला गुलाबी उघडा पडतो. नवं लुगडं न घेता नवी नवरी.

आणखी तीन-चार आठवडे. मग एका सकाळी सावर गप्प असेल. जाताना पंजाबात आणि त्यापुढे तुतीची झाडं पिकलेली असतात, तिथे ताव मारून पुढे. पंजाबात त्यांना तिल्यर म्हणतात.

आता तुझ्याकडे एक काम आहे. ती डालग्यातली भोरडी कुठल्या बाजूला धडका द्यायची, तेवढं आठवून सांग. मला आठवतं ती शेवग्याकडच्या बाजूला. पण शेवगा घराच्या कुठल्या दिशेला होता? वायव्येला, त्यांच्या परतीच्या वाटेकडे, असायला हवा, तर जमतं. आमच्या दाराचं तोंड पूर्वेला होतं की दक्षिणेला, माझा चार दिवस घोळ चाललाय. दादा म्हणतो पूर्वेला, पण तो तेव्हा रांगत होता. जाऊन बघावं तर घर धरणात. यंदा पाणी फार उतरलं तर देवळाचं शिखर दिसेल, घर काही दिसणार नाही. तू मचाणावर जायच्या आधी आमच्या ओट्यावर बसून भाकरी खायचीस. सकाळचं ऊन तुझ्या तोंडावर यायचं की पाठीवर? तेवढं लिही.

तुझी,
मंदा