कोर्स फुकट आहेत हो, पण शिकतंय कोण?

संपादक महोदय,

केंद्र सरकारचं ‘स्वयं’ पोर्टल आणि एनपीटेल यांवरच्या मोफत ऑनलाइन कोर्सेसचं हल्ली सगळीकडे कौतुक चालू असतं, आणि ते खोटं नाहीये. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने २००३ मध्ये एनपीटेल हा लेक्चरच्या व्हिडिओंचा उपक्रम सुरू केला, २०१७ मध्ये ‘स्वयं’ आलं, आणि ज्या सरांच्या वर्गात बसायला पोरं दोन-दोन वर्षं क्लास लावतात त्यांचं लेक्चर आता तालुक्याच्या पोराला मोबाईलवर फुकट दिसतं. आमच्या काळी हे असतं तर!

पण मी तालुक्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो, त्यामुळे दुसरी बाजू रोज बघतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट, म्हणजे पदवीला लागणारे श्रेयांक, ऑनलाइन कोर्समधून घ्यायची मुभा दिल्यापासून कॉलेजांना हे फारच सोयीचं झालंय, म्हणजे कसं, तर विषयाला शिक्षक नाही ना, मग करा एनपीटेल! असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री संपते, म्हणून बुधवारी संध्याकाळी होस्टेलवर चक्कर मारून बघा, कोणीतरी यूट्यूबवरून ‘वीक ५ आन्सर्स’ काढून ग्रुपवर टाकलेलं असतं आणि बाकीचे ए, सी, बी, डी असं टिकमार्क करत सुटतात. लेक्चर उघडलेलंच नसतं. असाइनमेंटला २५ मार्क असतात, ते असे पदरात पडतात, आणि मग ७५ मार्कांच्या परीक्षेला सेंटरवर जाऊन बसलं की घाम फुटतो. कोर्स फुकट असला तरी त्या परीक्षेला हजारभर रुपये फी आहेच, वर सेंटर जिल्ह्याच्या गावी, म्हणजे एसटीचं भाडं वेगळं.

पोरांना आळशी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मला तरी ते पटत नाही. बारावीपर्यंत सायन्स मराठीत समजून घेतलेली पोरगी तासभर इंग्रजी लेक्चर ऐकते, दहाव्या मिनिटाला अडकते, आणि विचारायला कोणी नाही. फोरम आहे, पण तिथे इंग्रजीत प्रश्न टाकायचीच तिला लाज वाटते. याउलट आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा, जेमतेम दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ, मराठीतही आवाज, बघत बघत शेजारच्या विंडोत स्वतः करून बघायचं, आणि इंटरनेट नसलं तरी चालतं. त्यावर पायथॉन शिकलेली डिप्लोमाची पोरं मी बघितलीत. पण त्याचं क्रेडिट कोण विचारतो?

माझं मागणं मोठं नाहीये. ज्या कॉलेजने ऑनलाइन कोर्सचं क्रेडिट दिलंय त्याने आठवड्याला एक तास टाइमटेबलमध्ये लावावा, तिथे एक शिक्षक बसावा, त्यानेही तोच कोर्स बघितलेला असावा आणि शंका मराठीत सोडवाव्यात. एनपीटेलचा मेंटर, म्हणजे या कोर्सेससाठी नेमलेला कॉलेजातला मार्गदर्शक, कागदावर सगळीकडे असतो, पण तो फक्त किती पोरांनी नाव नोंदवलं ते वर कळवतो. विद्यापीठाने तपासणीला आल्यावर सर्टिफिकेटांची फाईल बघण्याआधी हा तास होतो का ते विचारावं. आणि जानेवारी-जुलैच्या कोर्सेसची नोंदणी सुरू होते तेव्हा तुमच्या शिक्षणाच्या पानावर कोचिंग क्लासच्या जाहिरातींशेजारी या कोर्सेसचीही चौकट द्या की राव, जागा फार लागणार नाही.

– तालुक्याच्या कॉलेजातला एक प्राध्यापक