बंद रिलेच्या पलीकडे कोणीतरी आहेच

प्रिय अव्या,

तुझा मेसेज वाचला आणि म्हटलं याला दोन ओळीत उत्तर दिलं तर हा ऐकणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तुझं म्हणणं असं की मास इफेक्ट या व्हिडिओ गेमच्या गॅलेक्सीत अंतराळात फिरणारी नवीन जमात सापडायचा चान्स आता जवळपास शून्य, कारण असारी नावाची परग्रहवासी जमात इ.स.पू. 580 मध्ये सिटाडेल या महाकाय अंतराळ स्थानकावर पोचली आणि पहिला गेम घडतो 2183 मध्ये, म्हणजे पावणेतीन हजार वर्षं लोक फिरतायत, राहिलं असेल का कोणी. मला विचारशील तर आहेत, आणि एखाददुसरी जमात नाही, बऱ्याच.

कोडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या माहितीकोशात, तर सरळच दिलंय की एक टक्क्याहून कमी तारे बघून झालेत. पण मी त्याच्यावर भर देत नाही, तू लगेच म्हणशील उरलेले सगळे रिकामे असतील. खरी मेख प्रवासात आहे. रिले म्हणजे जहाजांना दूरवर फेकणारी प्राचीन यंत्रं, त्यांतून गेलास तर हजारो प्रकाशवर्षं क्षणात पार, पण रिले सोडून जहाजाच्या स्वतःच्या ड्राइव्हवर निघालास की दिवसाला जेमतेम 12 प्रकाशवर्षं. त्यात ड्राइव्ह कोअरमध्ये चार्ज साठत जातो, साधारण 50 तासांनी एखाद्या ग्रहावर उतरून किंवा गॅस जायंटच्या चुंबकीय क्षेत्रात जाऊन तो सोडावाच लागतो, नाही सोडला तर तो जहाजाच्या सांगाड्यात उतरतो आणि आतले लोक भाजून निघतात. म्हणजे एका दमात झाली 25 प्रकाशवर्षं. आकाशगंगा 1 लाख प्रकाशवर्षं रुंद, सरळ रेषेत न थांबता गेलास तरी 23 वर्षं लागतील. त्यामुळे पावणेतीन हजार वर्षं हे लोक गॅलेक्सी फिरले असं म्हणूच नको, प्रत्येक स्टेशनावर उतरून समोरच्या चौकापर्यंत जाऊन परत आलेत, बास.

बरं, बंद पडलेले रिले उघडायचे तर तेही नाही. इसवी सनाच्या सुरुवातीला असाच एक उघडला, पलीकडून रॅक्नाय नावाचे किड्यांसारखे परग्रहवासी निघाले आणि जवळपास तीनशे वर्षं युद्ध चाललं. तेव्हापासून पलीकडे काय आहे ते माहीत नसताना बंद रिले चालू करणं गुन्हा. म्हणजे जिथे कोणी सापडायची शक्यता सगळ्यात जास्त, नेमकी तीच दारं कायद्याने बंद. आणि हे रॅक्नाय नामशेष झाले असं जाहीर केलं होतं ना, तरी 2183 मध्ये नोव्हेरिया ग्रहावरच्या लॅबमध्ये त्यांची राणी जिवंत बसलेली सापडतेच. सिटाडेलवरून कारभार बघणाऱ्या कौन्सिलच्या 'आता कोणी उरलं नाही' याला किती किंमत द्यायची ते तूच ठरव.

आता कोण कसं सापडलं ते बघ. माणसांना 2148 मध्ये मंगळावर प्रोथियन या नामशेष जमातीचे अवशेष मिळाले, दुसऱ्या वर्षी कळलं की शॅरन हा प्लूटोचा उपग्रह म्हणजे बर्फात गाडलेला रिले आहे, मग काय, कोणाला न विचारता एकेक रिले उघडत सुटले, 2157 मध्ये ट्युरियन या दुसऱ्या जमातीच्या गस्तीवाल्यांनी बघितलं आणि थेट गोळ्याच घातल्या. म्हणजे 2156 मध्ये सिटाडेलवर बसून तू हेच लिहिलं असतंस तर तुझ्या हिशोबात आपणच नव्हतो! रालोई या जमातीची गोष्ट तर याहून भारी, 2184 मध्ये त्यांनी पहिली अंतराळ दुर्बीण सोडली आणि तिच्यातून त्यांनाच असारींचं जहाज दिसलं. ज्यांना शोधायचं त्यांनीच शोधणाऱ्यांना पकडलं. पद्धतशीर सर्वे करून अंतराळात फिरणारी जमात हुडकली असं एकतरी ठळक उदाहरण दाखव मला.

तुझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तर तू मांडलाच नाहीस, तो म्हणजे रीपर्स, ती महाकाय जाणती यंत्रं. दर 50 हजार वर्षांनी सगळ्या पुढारलेल्या जमाती साफ, त्यामुळे लाखो वर्षं जुनं साम्राज्य कुठेतरी कोपऱ्यात लपलंय ही आशा सोडायची. हे मला मान्य आहे, याने आकडा बराच खाली येतो. पण मागच्या फेरीत जे अजून गुहेत होते त्यांना रीपर्सनी हात लावला नाही, म्हणजे असारी, सॅलेरियन, माणूस सगळे साधारण एकाच वेळी सुटले. मग त्यातले फक्त रिलेच्या तोंडाशी राहणारेच पुढे गेले आणि बाकीचे सगळे अजून दगड घासतायत, हे पटतं तुला? मला नाही पटत. माझा अंदाज असा की बरेचसे स्वतःच्या दोन-चार ताऱ्यांपुरते फिरत असतील, रिलेबिले काही माहीत नाही. रेडिओचं म्हणशील तर तो प्रकाशाच्याच वेगाने जातो, 500 वर्षांपूर्वी बोलायला लागलेल्यांचा आवाज 500 प्रकाशवर्षांपलीकडे पोचलेलाच नाही, आणि पोचतो तिथेही इतका पातळ होतो की मुद्दाम तिकडे कान लावल्याशिवाय कळायचा नाही.

लेव्हायथन डीएलसी (गेमचा जादा भाग) अजून खेळला नसशील तर पुढचं वाचू नको. वाचतोयसच ना, मग ऐक. रीपर्स ज्यांच्यामुळे जन्माला आले तीच जमात एका ग्रहाच्या समुद्राच्या तळाशी लपून बसलीये, खुद्द रीपर्सच्या इतक्या फेऱ्यांमधून वाचून, आणि कौन्सिलला तिचा पत्ताच नाही. म्हणून मी वर 'लाखो वर्षं जुनं कोणी नाही' म्हटलं त्यालाही हा एक अपवाद धर. आता शून्य चान्सवाला तुझा हिशोब परत मांड आणि पाठव, मी वाट बघतोय.

तुझाच,
सम्या