सई, यंदा संमेलनाला ये

प्रिय सई,

परवा फोनवर तू विचारलंस, आई तुला त्या साहित्य परिषदेतून मिळतं तरी काय, तीच माणसं एकमेकांना कविता ऐकवतात आणि एकमेकांना शाली घालतात. तेव्हा गॅसवर कुकर होता, नीट बोलता आलं नाही, पण ते डोक्यातून जाईना म्हणून आता सगळं आवरून टाईप करत बसलेय. लांबेल जरा, पण पूर्ण वाच.

आधी एक सांगते, हा प्रश्न लय जुना आहे. १८७८ ला पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांची पहिली सभा भरली, आजच्या साहित्य संमेलनांची सुरुवात तीच, आणि १८८५ च्या सभेचं बोलावणं आलं तेव्हा जोतिबा फुल्यांनी पत्र लिहून यायला सरळ नकार दिला, त्यांचं म्हणणं, आमच्या माणसांच्या दुःखाला तुमच्या सभांमधे आणि पुस्तकांमधे जागाच नाही. मला ते आजही पटतं. आणि पटतं म्हणूनच वाटतं की संमेलनं मोठ्या शहरातून उठून तालुक्याला, गावाला आली पाहिजेत, तिथे लिहिणारी माणसंच वेगळी असतात गं.

आपली कोमसाप, म्हणजे कोकण मराठी साहित्य परिषद, तशीच उभी राहिली. १९९० चं अखिल भारतीय संमेलन रत्नागिरीत झालं, मधु मंगेश कर्णिक अध्यक्ष होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याच पुढाकाराने ही परिषद निघाली. मग केशवसुतांच्या गावात, मालगुंडला स्मारक झालं, १९९४ ला कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्घाटन. गणपतीपुळ्याला गेलो की आपण तिथे जायचोच, तू त्या कोरलेल्या कवितांवरून बोट फिरवत मोठ्याने वाचायचीस आणि बाबा पुढे चला पुढे चला करायचे.

आता मिळतं काय ते. शाल-श्रीफळाचा भाग लांबतो हे खरंय, भाषणं कमी करा असं मी दर बैठकीत बोलते आणि पुढेही बोलणार. पण तू बघितलंयस ते उद्घाटन फक्त. सकाळची ग्रंथदिंडी, लेझीमवाली पोरं, पालखी, हे सगळं होऊन दुपारची जेवणं झाली की निम्मा मंडप रिकामा होतो, पाहुणे निघतात, आणि मग कविकट्टा सुरू होतो. माझ्यासाठी संमेलन तिथे सुरू होतं. गेल्या वेळी गुहागरकडच्या एक ताई आल्या होत्या, अंगणवाडीत काम करतात. नाव पुकारलं तरी उठेनात, शेजारणीने ढकललं तेव्हा गेल्या. हातात हजेरीच्या वहीचं फाडलेलं पान, माईक खूप उंच होता तो कोणी खाली केला नाही तर त्या तशाच टाचा उंचावून वाचायला लागल्या. संगमेश्वरी बोलीत, सासूचं आजारपण आणि पावसात गळणारी पडवी एवढंच. मागच्या खुर्च्यांवर पेंगणारे लोक उठून बसले. खाली उतरल्यावर तीन-चार जणींनी त्यांना घेरलं, ओ ताई ही कविता लिहून द्या म्हणून. त्यांच्या घरी त्या लिहितात हे कोणाला माहीतच नव्हतं!! हे मिळतं बघ मला. त्यांना ऐकणारं माणूस मिळालं आणि त्यात मी होते.

आणि चिपळूणचं तर तू डोळ्याने पाहिलंयस. २०१३ ला ८६ वं अखिल भारतीय संमेलन इथे झालं, कोत्तापल्ले सर अध्यक्ष होते, केवढी गर्दी. त्यामागे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, आपलं लोटिस्मा, होतं, १८६४ पासूनचं वाचनालय, आणि पुढे २०२१ च्या जुलैत त्याच लोटिस्मात पुराचं पाणी शिरलं, चिखलाने माखलेली पुस्तकं बघून रडू आलं होतं. तेव्हा गावोगावची लिहिणारी-वाचणारी माणसं धावून आली, पुस्तकं पाठवली. ही ओळख एका दिवसात होत नाही, वर्षानुवर्षं एकत्र सतरंज्या उचलून होते.

तू फोनवर कथा टाकतेस, खाली बदाम येतात, छान आहे, मीपण देते. पण वाचताना सातव्या मिनिटाला समोरचा चुळबुळ करायला लागला हे तुला बदाम सांगणार नाहीत. तुझी आजीच्या म्हशीची कथा खरंच चांगली आहे, मी आई म्हणून नाही म्हणत, पण मधला डेअरीचा भाग रेंगाळतो. तो तू माणसांसमोर वाचलास की तुझं तुलाच कळेल कुठे कापायचं.

म्हणून यंदा ये. आणि नुसती आपलं वाचून लगेच परत जायला येऊ नकोस, आदल्या दिवशी ये. स्मरणिकेची प्रुफं तपासायला डोळे हवेत, आम्हा सगळ्यांचे चष्मे जाड झाले आणि ऱ्हस्व-दीर्घ सुटतात. नोंदणीच्या टेबलावर तरुण कोणी बसलं की कॉलेजची पोरं बिनधास्त येऊन नाव देतात, आम्हाला बघून लाजतात. आणि दुसऱ्यांचं शेवटपर्यंत बसून ऐकायचं, हे मात्र माझ्याकडून सक्तीचं.

कथा या महिनाअखेरपर्यंत पाठव, युनिकोडमधे, पीडीएफ नको, दहा मिनिटांत बसेल एवढीच. घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघ आधी. रात्रीच्या बसने येणार की ट्रेनने ते सांग, बाबांना स्टँडवर पाठवते. खोल्या पाहुण्यांना द्याव्या लागणार, तू माझ्याजवळच झोपशील.

तुझी,
आई